विदर्भाची न मोजलेली लेक

विदर्भात कुठेही साहित्याचा किंवा संस्कृतीचा कार्यक्रम असला की स्वागताच्या भाषणात एक यादी हमखास येते. अगस्त्य ऋषींची लोपामुद्रा आमची, नळाची दमयंती आमची, श्रीकृष्णाची रुक्मिणी आमची, अजराजाची इंदुमती आमची. यादी खोटी नाही. महाभारतापासून कालिदासाच्या 'रघुवंशा'पर्यंत या चौघींचे माहेर विदर्भ असेच सांगितले आहे. ही यादी मी अनेकदा ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी इतरांबरोबर टाळ्याही वाजवल्या आहेत.

या यादीत मला एक पाचवे नाव घालायचे आहे. ते नाव सामवती. तीही विदर्भाची. तिची कथा पुराणात आहे, मराठीतही आहे. तरी भाषणात ती येत नाही. कारण जन्मली तेव्हा ती मुलगी नव्हती, मुलगा होती.

ही कथा मी शोधून काढली, असा माझा दावा नाही. महाराष्ट्रातल्या असंख्य देवघरांत ती लाल फडक्यात बांधून ठेवलेली आहे. श्रीधरस्वामींच्या 'शिवलीलामृता'चा सातवा अध्याय काढा, तिथे ती आहे. तरीही ती डोळ्यांसमोर असून दिसत नाही. असे का व्हावे, याचा शोध मी बरीच वर्षे माझ्या कुवतीप्रमाणे घेत आलो. त्याचा हा वृत्तांत.

ओट्यावरचा श्रोता

माझे गाव बोरी अरब. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, अडाण नदीच्या काठचे. माझे शिक्षण बारावीपर्यंत. पुढची तीस वर्षे कापसाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिण्यात गेली. संस्कृत शिकलो ते आपट्यांचा कोश उशाशी ठेवून, रात्री, चुकत-माकत. पोथीची ओढ मात्र त्याआधीची, आजीमुळे लागलेली.

श्रावणात आजी शिवलीलामृताचे पारायण करी. रोज दोन अध्याय, सात दिवसांत चौदा. पुष्कळ घरांत फक्त अकरावा अध्याय वाचतात, कारण त्या एकाच्या वाचनाने सगळ्या पोथीचे पुण्य मिळते अशी समजूत आहे. गावातल्या जुन्या पोथ्या मी चाळल्या आहेत. अकराव्या अध्यायाची पाने हळदीने, तेलाच्या बोटांनी पिवळी पडून मऊ झालेली असतात. सातव्याची पाने बहुतेक ठिकाणी कोरी करकरीत. आजीच्या पोथीत मात्र सातव्याचीही पाने मळलेली होती, कारण ती एकही अध्याय सोडत नसे.

पारायणाच्या चौथ्या दिवशी सातवा अध्याय येई. त्या दिवशी आमच्या ओट्यावर एक माणूस येऊन बसे. एरवी तो आमच्याकडे येत नसे. गावच्या भजनी मंडळात भारुडातल्या बायांची कामे तो करी. त्याचा पदर कधी ढळला नाही, असे बायाच कौतुकाने सांगत. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, त्याचे भाचे-पुतणे गावात नांदते आहेत. दाराशी येऊन तो विचारी, "सातवा लागला का वं माय?" आजी म्हणे, "लागतेच आहे, बस." तो ओट्याच्या कडेला बसून, मान खाली घालून ऐके. अध्याय संपला की पोथीपुढे बेलाचे पान ठेवून निघून जाई.

एका वर्षी त्याने जाता जाता विचारले, "माय, मंग पुढं काय झालं वं तिचं?"

आजी म्हणाली, "केला असंन संसार. पोथीत इतलंच हाये."

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. पुढच्याच पोळ्याला आम्ही पोरे बैलांच्या रांगेजवळ उभे असताना तो समोरून गेला. मी ओरडलो, "सोमवंत आला रे, सोमवंत!" बाकीच्या पोरांना पोथी ठाऊक नव्हती, पण शब्द आवडला. महिनाभर ते नाव त्याच्या मागे गावभर फिरले. पुढच्या श्रावणात चौथ्या दिवशी ओटा रिकामा होता. आजीने थोडा वेळ वाट पाहिली आणि वाचायला सुरुवात केली.

मी या कथेमागे का लागलो, असे कोणी विचारले तर मी सहसा 'विदर्भाचा इतिहास' असे उत्तर देतो. खरे उत्तर वर लिहिले आहे.

सातव्या अध्यायातली गोष्ट

आधी कथा सांगतो, कारण कोऱ्या पानांचा अनुभव बहुतेकांचा असेल.

सहाव्या अध्यायात सीमंतिनीची कथा आहे. ही चित्रवर्मा राजाची मुलगी. चौदाव्या वर्षी वैधव्य येणार, असे तिचे भविष्य वर्तवले गेले. याज्ञवल्क्यांची पत्नी मैत्रेयी हिने तिला सोमवारचे व्रत सांगितले. निषध देशाच्या राजघराण्यातल्या चंद्रांगदाशी तिचे लग्न झाले. तो यमुनेत बुडाला. ती विधवेचे जिणे जगत राहिली, पण व्रत सोडले नाही. शेवटी चंद्रांगद नागलोकातून जिवंत परत आला. तेव्हापासून दर सोमवारी ती ब्राह्मण दांपत्यांना शंकर-पार्वती समजून पूजी आणि भरपूर दान देई. तिची ही ख्याती दूरवर पसरली.

सातवा अध्याय विदर्भात उघडतो. वेदमित्र आणि सारस्वत हे दोन ब्राह्मण मित्र. वेदमित्राचा मुलगा सुमेधा, सारस्वताचा सोमवंत. संस्कृतात या दुसऱ्याचे नाव सामवान. दोघे बरोबर वाढले, बरोबर शिकले. लग्नाचे वय झाले, घरी पैसा नाही. म्हणून बाप त्यांना विदर्भाच्या राजाकडे पाठवतात. राजाला गंमत सुचते. तो म्हणतो, तुमच्यापैकी एकाने बाई व्हावे, जोडपे बनून सीमंतिनीकडे जावे, हवे तेवढे धन मिळेल. मूळ संस्कृतात दोघे आधी नकार देतात. देव, गुरू, आईबाप यांच्याशी कपट करू नये, असे म्हणतात. पण राजाज्ञेपुढे काही चालत नाही. सोमवंताला लुगडे नेसवतात, दागिने घालतात, आणि दोघे निषधाला जातात.

सीमंतिनी पाहताक्षणी ओळखते. तिला किंचित हसू येते. आणि या ठिकाणी कथा आपण समजतो त्या वाटेने जात नाही. ती त्यांना हाकलत नाही, उघडेही पाडत नाही. इतर दांपत्यांसारखीच त्यांची पूजा करते, एकाला शंकर मानून आणि दुसऱ्याला पार्वती मानून. परतीच्या वाटेवर रानात सोमवंताच्या लक्षात येते की आपण खरोखरच स्त्री झालो आहोत. सुमेधाला आधी ती थट्टा वाटते. मग तो पाहतो आणि थक्क होतो. ती त्याला साद घालते. तो स्वतःला आवरतो आणि म्हणतो, आधी घरी जाऊ.

घरी आकांत होतो. सारस्वताचा एकुलता एक मुलगा गेला. वंश बुडाला, पितरांचे पाणी बुडाले, असे तो राजाला सुनावतो. राजाही घाबरतो. तो उपास करून देवीची आराधना करतो. देवी प्रसन्न होते. राजा मागतो, याला पुन्हा पुरुष कर. देवी म्हणते, ते माझ्याच्याने होणार नाही. माझ्या भक्ताने भक्तीने जे केले ते मी मोडणार नाही. सारस्वताला दुसरा मुलगा होईल. आणि ही मुलगी सुमेधाला द्या.

तसे लग्न होते. गोष्ट संपते.

श्रीधरांची पोथी आणि तिचे मूळ

श्रीधरस्वामी नाझरेकरांनी शिवलीलामृत बारामतीला शके 1640 मध्ये, म्हणजे 1718 साली पूर्ण केले. आधार घेतला तो स्कंदपुराणातल्या ब्रह्मोत्तरखंडाचा, आणि हे त्यांनी पोथीतच सांगितले आहे. मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याची स्कंदपुराणाची जुनी प्रत मी मिळवली आणि दोन्ही समोरासमोर ठेवून वाचली. माझी एक अपेक्षा होती. अठराव्या शतकातल्या कीर्तनी परंपरेतल्या कवीने, ज्याची पोथी बायापोरांसमोर वाचली जाणार, त्याने ही गोष्ट गाळली असेल, निदान गुंडाळली असेल. तसे झालेले नाही. श्रीधरांनी तिला सातव्या अध्यायात जागा दिली.

म्हणजे कथा दडवण्याचे काम कवीने केले नाही. ते आपण केले, अकराव्या अध्यायावर भागवून.

विद्वानांनी मात्र तिची दखल घेतली आहे. एकोणिसाव्या शतकात काशीच्या अंबिकादत्त व्यासांनी या कथेवर 'सामवतम्' हे संस्कृत नाटक लिहिले. 2000 साली रूथ वनिता आणि सलीम किडवाई यांनी संपादित केलेल्या 'सेम-सेक्स लव्ह इन इंडिया' या ग्रंथात ही कथा इंग्रजीत आली. काशीला आणि परदेशी विद्यापीठांत माहीत असलेली विदर्भाची लेक विदर्भाच्या भाषणांत नाही, एवढेच माझे म्हणणे.

आणखी एक गोष्ट भूगोलाची. सीमंतिनीचा नवरा चंद्रांगद हा नळाच्या कुळातला, इंद्रसेनाचा मुलगा. म्हणजे नळाचा नातू. मग दमयंती त्याची आजी झाली. विदर्भातून निषधाला ज्या वाटेने दमयंती सासरी गेली, त्याच वाटेने पुढे हे दोन मित्र गेले. एक लेक म्हणून गेली, एक जण लेक होऊन परतला.

बाईचा पुरुष झाला तर पेढे

लिंग बदलण्याच्या कथा आपल्याकडे कमी नाहीत. त्या एका ओळीत मांडल्या की सातव्या अध्यायाचे वेगळेपण कळते.

महाभारतातला शिखंडी जन्मतः मुलगी. द्रुपदाने तिला मुलगा म्हणून वाढवले, दशार्णच्या हिरण्यवर्म्याच्या मुलीशी लग्नही लावले. बिंग फुटले, युद्धाची वेळ आली, तेव्हा स्थूणाकर्ण नावाच्या यक्षाने आपले पुरुषत्व शिखंडीला दिले. बापाला आनंद झाला. रोमन कवी ऑव्हिड याच्या 'मेटामॉर्फसिस' या काव्यातही जवळजवळ हीच गोष्ट आहे. क्रीट बेटावरची इफिस ही मुलगी. मुलगी झाली तर मारून टाकू, असे बापाने सांगून ठेवलेले, म्हणून आईने तिला मुलगा म्हणून वाढवले. लग्न ठरले, तेव्हा इसिस देवीने तिला खरोखर मुलगा केले. तिथेही मंदिरात नवस फेडले गेले. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोम आणि आपला कुरुपांचाल या बाबतीत एकमताचे: बाईचा पुरुष झाला तर ते वरदान.

उलट दिशेने मात्र बहुधा शाप लागतो. सुद्युम्न राजा निषिद्ध वनात शिरला म्हणून इला झाला. अर्जुनाला उर्वशीचा शाप मिळाला आणि तो बृहन्नडा होऊन विराटाच्या मुलीला नाच शिकवू लागला. हा विराट आमच्याच मुलखातला, असे मेळघाटातले लोक मानतात. चिखलदऱ्याजवळच्या वैराटला ते विराटनगर म्हणतात, आणि चिखलदरा हे नाव कीचकदऱ्यावरून आले असे सांगतात. तिथे भीमाने कीचकाला लोळवल्याची जागा प्रवाशांना दाखवतात. अर्जुनाने वर्षभर नाच शिकवल्याची जागा दाखवताना मी कोणाला पाहिले नाही.

या सगळ्यांत एकच कथा सामवतीच्या जवळ जाते, ती अनुशासनपर्वातल्या भंगास्वन राजाची. इंद्राने रागाने त्याला स्त्री केले. पुढे इंद्राचा राग निवळला आणि त्याने विचारले, पुन्हा पुरुष व्हायचे का? भंगास्वन म्हणाला, नको, मला असेच राहू दे. सगळ्या महाभारतात 'तुला काय हवे?' हा प्रश्न अशा माणसाला विचारला गेलेली ही जागा मला फार मोलाची वाटते. पण तिथेही सुरुवात रागाने झाली होती.

सामवतीच्या कथेत शाप नाही, राग नाही, पाप नाही. कपट होते ते राजाचे. एका बाईने समोरच्याला आदराने पाहिले आणि तो तसा झाला, एवढेच घडले. सीमंतिनीने खोटे ओळखूनही त्याला खोटे म्हटले नाही. पुराणकार त्याला व्रताचा प्रभाव म्हणतो, आणि पुराणकाराचा हेतू व्रताचे माहात्म्य सांगण्याचाच आहे, यात शंका नाही. पण हेतू काहीही असो, गोष्ट सांगून गेली ती अशी.

देवाला चालते, शेजाऱ्याला नाही

इथे कोणी म्हणेल, आपल्या धर्मात अर्धनारीश्वर आहे, मोहिनी आहे, मग एवढे आश्चर्य कशाचे?

घारापुरीचे लेणे सहाव्या शतकातले. तिथला अर्धनारीश्वर सुमारे पाच मीटर उंच आहे. उजवे अंग शंकराचे, नंदीवर रेललेले. डावे अंग पार्वतीचे, हातात आरसा. कंबरेची रेघ एका बाजूला सरळ येते आणि दुसऱ्या बाजूला झोकदार होते, तरी मूर्ती दोन तुकड्यांची वाटत नाही. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त शंकराच्या मूर्तीचा डावा अर्धा भाग पार्वतीचा करावा, असा पर्याय दिला आहे. मथुरेच्या कुषाणकालीन मूर्तींत हे रूप त्याआधीच घडलेले दिसते. म्हणजे कारागिरांना हे रूप फार जुने आणि सवयीचे.

नेवाशाला मोहिनीराजाचे देऊळ आहे. ज्या नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या गावाचे दैवत स्त्रीरूपातला विष्णू. नावही कसे, मोहिनी आणि राज, दोन्ही लिंगे एका शब्दात. गोव्यात म्हार्दोळची म्हाळसा नारायणी हीसुद्धा विष्णूचे मोहिनीरूप मानली जाते. लुगडे, दागिने, आणि खांद्यावरून जानवे. ज्ञानेश्वरांचा 'अमृतानुभव' सुरू होतो तोच शिव आणि शक्ती यांना वेगळे काढता येत नाही, या विचाराने. पंढरीच्या विठोबाला आपण माउली म्हणतो, ज्ञानेश्वरांनाही माउली म्हणतो. आमच्या वऱ्हाडातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू, महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी एक. त्यांना गावकरी आई आणि बाप अशा दोन्ही नात्यांनी हाक मारीत, असे त्यांच्या लीळांत आहे. संतांनी गौळणी आणि विरहिण्या लिहिल्या त्या स्वतः बाई होऊन, आणि एकनाथांच्या भारुडांत तर बाईचेच तोंड बोलते.

रंगभूमीवर तर आपण याचा उत्सव केला. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व. 1905 मध्ये शकुंतला म्हणून ते उभे राहिले आणि पुढे त्यांचे शालू, त्यांचे दागिने, त्यांची अंबाड्याची ढब पाहून घरंदाज बाया तसे नटू लागल्या. 1964 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

हे सगळे खरे आहे आणि अभिमानाचे आहे. पण नीट पाहिले तर यात एक अट दडलेली दिसते. दगडात चालते, देवळात चालते, अभंगात चालते, तिसऱ्या घंटेनंतर पडद्यासमोर चालते. अर्धनारीश्वराला सून शोधायची नसते. मोहिनी काम झाले की पुन्हा विष्णू होते. बालगंधर्व मेकअप उतरवून नारायणराव होत. आमच्या गावातल्या माणसाचे भारूडही लोकांना चालत होते. भारूड संपल्यावर त्याचे हात तसेच हलत, चाल तशीच राही, हे चालत नव्हते.

सामवती ही देव नव्हे आणि सोंगही नव्हे. गरीब ब्राह्मणाचा पोर, लग्नाला पैसे नसलेला. त्याच्यावर ही गोष्ट घडते आणि तो परत पहिल्यासारखा होत नाही. कथा देवळातून निघून गल्लीत येते. म्हणूनच ती अवघड जाते.

सारस्वताचा राग

या कथेत मला सर्वांत खरा वाटतो तो सारस्वत. तो मुलीला मारत नाही, हाकलत नाही. पण त्याचे दुःख शास्त्राच्या भाषेत येते. वंश, पितर, पिंड. ते समजून घ्यायला शास्त्र पाहावे लागते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्क नसलेल्यांची यादी आहे. तिच्यात आंधळा, बहिरा, पतित यांच्याबरोबर क्लीब आहे. त्याला अन्नवस्त्र द्यावे, वाटा देऊ नये. त्याच ग्रंथाचा तिसरा अध्याय गर्भात मुलगा, मुलगी आणि दोन्ही नसलेले मूल कसे तयार होते, हेही सांगतो. म्हणजे तिसऱ्याचे अस्तित्व शास्त्राला मान्य होते, वाटणीपत्रात त्याचे नाव मान्य नव्हते. जैन आचार्यांनी तर शरीराचे लिंग आणि मनातला 'वेद' वेगळे असू शकतात, असा सूक्ष्म विचार केला. आपल्या मराठीच्या व्याकरणातही तिन्ही लिंगे अजून जिवंत आहेत. लेकरू हा शब्द तिसऱ्या लिंगातला आहे, आणि आईच्या तोंडी त्याहून गोड शब्द नाही.

इंग्रज आले तेव्हा कायदा आणखी कडक झाला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांच्या नोंदणीसाठी होता. नोंद झालेल्याने रस्त्यावर बाईचे कपडे घातले, नाचगाणे केले, तर अटक. तो कायदा सुरुवातीला उत्तरेकडच्या प्रांतांपुरता होता, पण त्याची नजर हळूहळू देशभर शिरली. पुरुषाने बाईसारखे असणे हा पूर्वी चेष्टेचा विषय होता, तो आता पोलिसांच्या वहीचा विषय झाला. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क दिला. त्या निकालपत्रात महाभारतातला अरावान आहे, जैन ग्रंथांतला विचार आहे, 1871 चा कायदाही आहे. सामवती तिथेही नाही. असती तर बरे झाले असते, कारण 'झाले ते मोडायचे नाही' हे देवीने तिच्याच बाबतीत सांगितले आहे.

न पटणाऱ्या गोष्टी

आता दुसरी बाजू. कथा आवडली म्हणून तिच्यात आजचे सगळे विचार कोंबणे हा हौशी अभ्यासकाचा नेहमीचा दोष. तो टाळायचा तर तीन गोष्टी कबूल केल्या पाहिजेत.

पहिली, सुमेधा आणि सोमवंत यांची मैत्री पुराणाला मान्य आहे, पण त्यांचे लग्न एकाचे शरीर बदलल्यावरच मान्य होते. दोन पुरुषांच्या प्रेमाला ही कथा मोकळीक देते, असे म्हणणे ओढूनताणून होईल. दुसरी, सारस्वताची समजूत दुसरा मुलगा देऊन घातली जाते. मुलगी झालेल्या मुलाची भरपाई मुलानेच होते. त्यामुळे कथा लेकीला जगू देते, तिची किंमत मात्र वाढवत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. राजाने सोमवंताला विचारले नाही, सीमंतिनीने विचारले नाही, बापाने विचारले नाही, देवीनेही विचारले नाही. रानात ती एकदा स्वतः बोलते, सुमेधाला साद घालते. नंतर तिच्याबद्दल सगळे बोलतात, ती बोलत नाही. भंगास्वनाला निदान इंद्राने विचारले होते.

हे सगळे मान्य करूनही मी ही कथा सोडत नाही. कारण तिच्यात देवी नकार देते. राजा, बाप, शास्त्र हे सगळे एका बाजूला उभे राहून म्हणतात, हिला होती तशी कर. आणि देवी म्हणते, नाही. ज्या पोथीने आम्हाला सोमवार शिकवला, उपास शिकवला, त्याच पोथीत हे आहे. सामवतीला घरात ठेवायला कोणाला बाहेरचा विचार आणावा लागत नाही. फडके सोडले तरी पुरे.

पुढे काय झाले

तो माणूस मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना गाव सोडून गेला. घरच्यांनी लग्न ठरवले होते, असे ऐकले. कित्येक वर्षांनी परत आला तेव्हा केस पांढरे झाले होते. भजनी मंडळ तोवर मोडले होते. देवळाच्या पायरीवर तो बसे. मी जाता-येता रामराम करी, तोही करी. त्या पोळ्याचा विषय मी काढला नाही, त्यानेही काढला नाही. त्याला आठवत नसेल, असे मी स्वतःला सांगत असे. तो गेला त्याला आता काही वर्षे झाली. माझ्या हातून झालेल्या त्या एका गोष्टीची माफी मागायला माझ्याजवळ पुरेसा वेळ होता आणि मी ती मागितली नाही, हे या लेखात लिहून ठेवतो.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी शोधले. पुढे काय झाले तिचे? पोथीत इतकेच आहे, हे आजीचे उत्तर बरोबर होते. लग्नानंतर पुराणकार दोघांना सुखाने नांदवतो आणि राजाला सीमंतिनीच्या प्रभावाचे नवल करायला लावतो. सामवती कशी राहिली, विदर्भाच्या त्या गावात पाणवठ्यावर बाया तिच्याशी काय बोलल्या, जुने मित्र वाटेत भेटले तर काय म्हणाले, हे कुठेच नाही. पुराणाला त्याची गरज वाटली नाही. ती गरज ओट्यावरच्या एका श्रोत्याला वाटली होती.

आजीची पोथी आता माझ्याकडे आहे. गेल्या श्रावणात मी पारायण केले, रोज दोन अध्याय. चौथ्या दिवशी दार उघडे ठेवून, आवाज जरा मोठा काढून सातवा वाचला. समोरच्या घरातली म्हातारी काठी टेकत आली आणि ओट्यावर बसली. अध्याय संपल्यावर म्हणाली, "ह्यो अध्याय मी कधी ऐकलाच नव्हता. कोन्या गावची होती ते पोरगी?"

मी म्हटले, "आपल्याच इकडची."